शिक्षक टीव्हीला हात का लावत नाहीत? धास्ती, सोपेपणा आणि चूक होण्याची किंमत

प्रश्न एका जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापिकांचा आहे. शाळा सातवीपर्यंत, पट १४०. लोकवर्गणीतून दोन स्मार्ट टीव्ही आणि एक लॅपटॉप आला. शिक्षकांची तीन प्रशिक्षणं झाली. तरुण शिक्षक टीव्ही वापरतात, पण पन्नाशीच्या दोन शिक्षिका आणि एक गुरुजी त्याला हातही लावत नाहीत. त्यांतल्या मराठीच्या बाई तालुक्यात नावाजलेल्या आहेत. मॅडम विचारतात, "यांना संगणकाची भीती आहे की शिकायचा कंटाळा? चौथं प्रशिक्षण लावू का?"

मॅडम, चौथं प्रशिक्षण लावू नका. आणि कंटाळा हा शब्द आधी मनातून काढून टाका. एकोणतीस-तीस वर्षं वर्गात उभं राहून जिनं नाव कमावलं, तिला शिकायचा कंटाळा नसतो.

मी २००४ पासून शिक्षकांना संगणक शिकवतो. आधी तालुक्याच्या गावी संगणक केंद्रावर शिकवत होतो, नंतर शिक्षक प्रशिक्षणांमध्ये साधनव्यक्ती म्हणून. इतक्या वर्षांत यंत्राला घाबरणारा शिक्षक मला क्वचित भेटला. त्याच बाई घरी मिक्सर, गिझर, स्कूटी सगळं वापरतात आणि फोनवरून लाइटबिल भरतात. त्यांना असते ती धास्ती, आणि ती चूक होण्याची असते. आपल्या हातून काही चुकलं तर ते निस्तरता येणार नाही आणि ते चारचौघांत दिसेल, ही ती धास्ती. मुलांसमोर शोभा होईल, कालपरवा लागलेले सर हसतील, आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांना कळेल, हे सगळं त्या एका बटणाभोवती गोळा झालेलं असतं. म्हणून चूक स्वस्त केली की धास्ती आपोआप उतरते. बाकी जे सांगतो ते याच्याच आधारानं.

या विषयावर झालेलं काम थोडं सांगतो, कारण ते आपल्या शाळांना फार नेमकं लागू पडतं. फ्रेड डेव्हिस या अमेरिकी संशोधकांनी १९८९ मध्ये एक मांडणी प्रसिद्ध केली. माणूस नवं तंत्र स्वीकारतो ते दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून, असं ती सांगते. एक, याचा माझ्या कामाला उपयोग होईल का? दोन, हे वापरायला मला सोपं जाईल का? यात 'मला' हा शब्द महत्त्वाचा. यंत्र मुळात सोपं आहे की नाही हा प्रश्नच नाही, त्या माणसाला ते सोपं वाटतं की नाही हा प्रश्न आहे. डेव्हिस यांनी दोन अभ्यासांत मिळून १५२ जणांकडून माहिती घेतली. उपयुक्ततेचा वापराशी सहसंबंध (० म्हणजे काही मेळ नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ) एका अभ्यासात ०.६३ आणि दुसऱ्यात ०.८५ निघाला, तर सोपेपणाचा ०.४५ आणि ०.५९. म्हणजे उपयोग पटला तर माणूस थोडी अडचण सोसतो, पण नुसतं सोपं आहे म्हणून निरुपयोगी गोष्ट कोणी उचलत नाही. आपल्या प्रशिक्षणांत नेमकं उलटं होतं. सगळा वेळ 'किती सोपं आहे बघा' यातच जातो. 'उद्याच्या तासाला तुमच्या कुठल्या धड्यात हे कामाला येईल' याचा विषयही निघत नाही.

पुढे २००० मध्ये याच विषयाचे दुसरे संशोधक विश्वनाथ वेंकटेश यांनी सोपेपणाचं हे मत तयार कसं होतं ते शोधलं. माझ्या कामाला सगळ्यात जास्त आधार यानं दिला. माणसानं नवं साधन हातात घेतलेलंसुद्धा नसतं, तेव्हा त्याचं मत त्या साधनावरून बनत नाही. ते बनतं संगणक या एकूण गोष्टीविषयी त्याच्या मनात आधीपासून जे साचलेलं असतं त्यावरून. आपल्याला जमेल हा विश्वास किती आहे, धास्ती किती आहे, सहज खेळून बघायची वृत्ती आहे का, आणि अडलं तर मदत मिळेल असं वाटतं का, अशा चार खुंट्यांना ते मत बांधलेलं असतं. प्रत्यक्ष वापर सुरू झाल्यावर मात्र साधन खरोखर किती सोपं आहे आणि त्यात मजा येते का, याचाही भाग त्यात येऊ लागतो. पण जुन्या खुंट्या लगेच उपटल्या जात नाहीत.

आता तुमच्या मराठीच्या बाईंकडे या नजरेनं बघा. तुमचा टीव्ही त्यांनी कधी तपासलेलाच नाही. त्या तो वीस वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी अनुभवावरून जोखत आहेत. अशाच एका बाईंनी मला तो अनुभव सांगितला होता. त्यांनी संगणकाची एक परीक्षा दिली होती. पडद्यावर उलटं घड्याळ पळत होतं, माऊस पहिल्यांदा हातात आल्याला जेमतेम महिना झाला होता आणि शेजारच्या खुर्चीवर त्यांचाच माजी विद्यार्थी बसलेला. तो वीस मिनिटांत उठून गेला. बाई पास झाल्या, प्रमाणपत्र सेवापुस्तकात लागलं, पण तो तास त्यांच्या अंगात बसला तो बसलाच. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. आपण त्यांच्यापुढे ठेवतो ते ताकच असतं, पण त्यांनी फुंकर मारली की आपल्याला राग येतो.

प्रशिक्षणात काय घडतं ते मी आतून पाहिलं आहे आणि काही वर्षं मी स्वतःही तेच केलं आहे. गटसाधन केंद्रात साठ माणसं. पुढे एक प्रोजेक्टर आणि एक तंत्रस्नेही शिक्षक. तो मनापासून शिकवतो, पण त्याचा हात भराभर चालतो. "इथे क्लिक करा, मग इथे, झालं!" मागच्या रांगेतल्या बाई अजून पहिल्याच पानावर असतात. नेट गोल गोल फिरत असतं. बाई हात वर करतात. तो जवळ येतो आणि म्हणतो, "आणा मॅडम इकडे, मी करून देतो." दहा सेकंदांत काम होतं, बाई आभार मानतात, प्रशिक्षण यशस्वी. पण त्या दहा सेकंदांत बाई काय शिकल्या? हे काम आपलं नाही, दुसऱ्याचं आहे, एवढंच.

२००९ च्या सुमारास एका गुरुजींच्या हातून मी असाच माऊस घेतला होता. त्यांनी हात मागे घेतला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. उरलेले दोन दिवस त्यांनी माऊसला हात लावला नाही. मी त्यांना विचारलंही नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं. त्यानंतर मी एक नियम पाळतो. शिकवताना माझे हात पाठीमागे बांधलेले असतात. तोंडानं सांगायचं, फार तर बोट दाखवायचं, पण यंत्र शिकणाऱ्याच्या हातातून काढायचं नाही. दहा सेकंदांच्या कामाला दहा मिनिटं लागली तरी चालेल. तुमच्या शाळेतल्या तरुण शिक्षकांना पहिल्यांदा हेच सांगा. ते मदत करतात ती मनापासून, पण त्यानं बाईंची धास्ती वाढते.

वर्गात चूक महाग कशी पडते ते जवळून बघण्यासारखं आहे. अशाच एका शाळेत मी मागच्या बाकावर बसलो होतो. बाईंनी घरी तयारी केली होती. पाठासाठी एक चित्रफीत निवडून पेन ड्राइव्हवर घेतली होती. तास सुरू झाला, टीव्ही लावला, तर पडद्यावर 'सिग्नल नाही'. आधीच्या तासाला सरांनी लॅपटॉप जोडला होता, त्यामुळे टीव्ही केबलच्या जोडणीवर राहिला होता. रिमोटवरचं 'सोर्स'चं बटण दाबून 'यूएसबी' निवडायचं, एवढंच काम. पण ते बटण रिमोटवर कुठे आहे हे ठाऊक नसेल तर कुठलं बटण दाबल्यानं काही होणार नाही आणि कुठल्यानं टीव्ही बिघडेल, हे कळायला मार्ग नसतो. बाईंनी आवाजाचं बटण दाबलं, मग टीव्ही बंद करून परत चालू केला. छत्तीस मुलं. मागून एकजण म्हणाला, "बाई, मी करू?" दुसरे दोघं उठले. आठ मिनिटं गेली. पस्तीस मिनिटांच्या तासिकेतली आठ मिनिटं. बाईंनी टीव्ही बंद केला, खडू उचलला आणि पुढची सत्तावीस मिनिटं इतकं सुंदर शिकवलं की मी वहीत टिपून घेत राहिलो. त्या फळ्याकडे परत गेल्या हा निर्णय अगदी बरोबर होता. फळा कधी 'सिग्नल नाही' म्हणत नाही. आपण ज्या वस्तूनं फळ्याची जागा घ्यायला निघालो आहोत, ती फळ्याइतकी भरवशाची करून द्यायची जबाबदारी आपली आहे, त्यांची नाही.

मग याच बाई व्हॉट्सॲप कसं वापरतात? हा प्रश्न स्वतःला विचारा, त्यात बरंच उत्तर आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ज्या शिक्षकांना 'तंत्र जमत नाही' असं सगळे म्हणत होते, त्यांनी महिन्या-दोन महिन्यांत वर्गाचे गट काढले, गृहपाठाचे फोटो तपासून परत पाठवले, कवितांच्या ध्वनिफिती पाठवल्या. सगळ्या मुलांच्या घरी फोन नव्हते, ते दुःख वेगळं आणि मोठं आहे. पण शिक्षकांपुरतं बोलायचं तर या कामाचं प्रशिक्षण त्यांना कोणी दिलं होतं? कोणीच नाही. ते भाचीनं शिकवलं, मुलानं शिकवलं, बहिणीशी बोलता बोलता आलं. तिथे चूक स्वस्त होती. चुकीचा फोटो गेला तर 'सर्वांसाठी हटवा' हे बटण २०१७ च्या अखेरीपासून होतंच. आवाज पाठवता येत होता, त्यामुळे टंकलेखनाची अट नव्हती. आणि उपयोग तर डोळ्यांसमोर होता, तिकडून नातवाचा फोटो येत होता. डेव्हिस यांचे दोन्ही प्रश्न तिथे कोणी न विचारता सुटले होते.

एक सावधगिरी मात्र घ्या. फोन जमला म्हणजे लॅपटॉप जमला असं होत नाही. फोनवर बोटानं सरकवणारा माणूस लॅपटॉपच्या टचपॅडवर पुन्हा पहिलीत जातो. त्याला "तुम्ही तर फोन किती छान वापरता" म्हणून लॅपटॉपवर बसवलं तर ती शाबासकी उलटी लागते.

तुम्ही मराठीच्या बाईंचा उल्लेख केलात म्हणून टंकलेखनाबद्दल थोडं जास्त सांगतो. मराठी शिकवणाऱ्यांची धास्ती वेगळी असते आणि ती फार कमी जणांच्या लक्षात येते. एका बाईंना चाचणीची प्रश्नपत्रिका स्वतः टंकायची होती. उताऱ्यात 'दऱ्याखोऱ्या' असा शब्द होता. त्यांच्याकडून पडद्यावर उमटलं 'दर्याखोर्या'. त्यांनी चार वेळा खोडून परत टंकलं, चारही वेळा तेच. आता दर्या म्हणजे समुद्र. ज्या बाईंनी तीस वर्षं मुलांच्या वह्यांतले असले र दुरुस्त केले, त्यांच्या नावानं छापलेल्या प्रश्नपत्रिकेत डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला असता. त्यांनी लॅपटॉप मिटला आणि हातानं लिहून झेरॉक्स काढल्या. बाकीचे म्हणाले, बाईंना संगणक नको असतो. त्यांना अशुद्ध मराठी नको होतं, आणि त्यावेळी संगणक त्यांना अशुद्ध लिहायला लावत होता.

इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कळफलकावर 'जे'च्या कळीवर र असतो. शिफ्ट धरून तीच कळ दाबली की नुक्ता असलेला ऱ येतो. मग 'डी'च्या कळीनं त्याचा पाय मोडायचा आणि पुढे य. झाला ऱ्य. हे मी त्यांना दाखवलं, हात पाठीमागे ठेवून. त्यांनी 'दऱ्या' टंकलं, मग आपणहून 'सुऱ्या', 'पायऱ्या', 'तऱ्हा', 'वाऱ्यावर' अशी अर्धं पान शब्दांची रांग लावली. त्या दुपारी त्यांनी मला आणखी काही विचारलं नाही. पुढच्या चाचणीला शाळेच्या सगळ्या मराठी प्रश्नपत्रिका त्यांनीच टंकल्या, कारण इतरांच्या प्रश्नपत्रिकांत त्यांना दर्या दिसू लागला होता. साधनानं त्यांच्या ज्ञानाची किंमत वाढवली तेव्हा ते त्यांचं झालं.

ज्यांना कळफलक नकोच वाटतो त्यांच्यासाठी बोलून लिहिण्याची सोय आहे. गूगलनं ऑगस्ट २०१७ मध्ये मराठी आवाजावरून टंकलेखन आणलं. शिक्षकांचे उच्चार स्पष्ट असतात, त्यामुळे त्यांना ते बरं जमतं. विरामचिन्हं हातानं घालावी लागतात आणि ऱ्हस्वदीर्घ तपासावं लागतं, पण तपासणं हे तर त्यांचं रोजचंच काम. कोऱ्या पडद्यापेक्षा चुका असलेला मजकूर शिक्षकाला जास्त आपला वाटतो, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

आता शाळेची माहिती ऑनलाइन भरायच्या सरकारी पोर्टलांविषयी, कारण तुमच्या तीन शिक्षकांच्या मनात टीव्ही आणि पोर्टल यांचं गाठोडं एकच असण्याची शक्यता आहे. पगारासाठीची शालार्थ आधीपासून होतीच, २०१५ मध्ये विद्यार्थ्यांच्या नोंदींची 'सरल' आली, मग शाळांच्या माहितीचं यू-डायस प्लस, 'दीक्षा' या ऑनलाइन मंचावरची प्रशिक्षणं, असं एकेक वाढत गेलं. इथली चूक खरोखरच महाग आहे. आधार जुळलेल्या मुलांच्या संख्येवर संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर, हे ठरतं. एखाद्या मुलाच्या नावातला एक काना आधारशी जुळला नाही तर ते मूल पटावर असूनही मोजलं जात नाही, आणि त्यावर सहकाऱ्याची जागा टिकते की जाते हे ठरू शकतं. एकदा 'फायनल' केलं की दुरुस्तीसाठी वरच्या लॉगिनकडे अर्ज. असं असताना शिक्षकाचं बोट 'सबमिट'वर थबकतं, त्याला मी धास्ती म्हणणार नाही. तो शहाणपणा आहे.

पण या सक्तीतून एक वाईट सवय पडते. माहिती भरली गेली पाहिजे, म्हणून ती कोणीतरी भरतं. कुणाचा भाचा, कुणाचा नेट कॅफेवाला, कुणाचे शाळेतले 'आपले सर'. कित्येक शिक्षकांचं ईमेल खातं कॅफेत निघालेलं असतं आणि पासवर्ड कॅफेवाल्याच्या वहीत. बऱ्याच शिक्षिकांच्या नोंदणीला यजमानांचा नंबर असतो, त्यामुळे ओटीपी दुसऱ्या गावात वाजतो आणि तो विचारायला फोन करेपर्यंत त्याची मुदत संपते. अहवालात शंभर टक्के काम झालेलं दिसतं आणि शिक्षक होता तिथेच असतो. म्हणून एक काम या आठवड्यात करा. तिघांचे ईमेल आणि नोंदणीचे नंबर त्यांच्या स्वतःच्या फोनवर आणून द्या, पासवर्ड त्यांच्या हातानं बदलून घ्या. काम कंटाळवाणं आहे, पण आपलं खातं आपल्या हातात आल्यावर माणूस जरा ताठ बसतो.

आणि मॅडम, केंद्रातल्या शाळांच्या व्हॉट्सॲप गटावर 'पेंडिंग' नावांची यादी लाल रंगात टाकायची पद्धत तुमच्या शाळेपुरती तरी बंद करा. त्यानं त्या दिवशी काम होतं हे खरं. सक्ती असते तिथे वरच्यांचा आणि सोबतच्यांचा दबाव सुरुवातीला चालतो आणि अनुभव वाढत जातो तसा त्याचा जोर ओसरतो, हेही वेंकटेश आणि डेव्हिस यांनी २००० मध्येच दाखवलं आहे. पण लाल यादीनं चूक चारचौघांत नेऊन ठेवली जाते. आपल्याला ती नेमकी तिथून उचलायची आहे.

सगळा नकार धास्तीचा नसतो, हेही मान्य करायला हवं. तुमचे गुरुजी जर म्हणत असतील, "या टीव्हीवरचं गणित पोरं नुसतं बघतात, सोडवत नाहीत," तर त्यांचं ऐका. ते उपयोगाचं मत देत आहेत आणि ते बरोबर असू शकतं. ओळखायचं कसं? मी शब्दांपेक्षा हात बघतो. संगणकाची धास्ती मोजायच्या प्रश्नावल्या आहेत, १९८७ पासूनची एकोणीस विधानांची एक मापनश्रेणी तर बरीच वापरली जाते. पण शिक्षकांच्या खोलीत असला कागद फिरवला की ज्यांना नव्हती त्यांनाही धास्ती वाटू लागते. त्यापेक्षा शाळा सुटल्यावर, कोणी नसताना, एक साधं काम सांगा. बोट बटणाच्या वर थांबतं, नजर तुमच्याकडे वळते, "दाबू ना?" असं विचारलं जातं, ती धास्ती. बोट सरळ चालतं, काम होतं आणि मग "याचा काय उपयोग?" असा प्रश्न येतो, तिथे धास्ती नाही. तिथे तुम्हाला उपयोग दाखवावा लागेल, किंवा त्यांचं म्हणणं मान्य करावं लागेल.

प्रशिक्षणाऐवजी काय करायचं? मी गेली काही वर्षं सुरुवात एका तासानं करतो, त्याला आमच्याकडे 'बिघडवायचा तास' म्हणतात. दार लावून घ्यायचं, मुलं नाहीत, वरिष्ठ नाहीत. टीव्ही चालू करायचा आणि प्रत्येकानं तो बिघडवायचा. केबल उपटा. सोर्स चुकीचा लावा. आवाज बंद करा. भाषा चिनी करून टाका. चित्रफीत मध्येच सोडून बाहेर पडा. लॅपटॉपवर एक धारिका पुसून टाका, मग कचरापेटीतून परत आणा. मग दुसऱ्यानं बिघडवलेलं आपण ठीक करायचं. पहिली दहा मिनिटं कोणी पुढे येत नाही. मग कोणीतरी केबल उपटतं, पडदा काळा होतो, काही जळत नाही, केबल लावली की चित्र परत येतं. खोलीतली हवा त्या क्षणी बदलते.

ही माझी कल्पना नव्हे. जर्मनीत मानसशास्त्रज्ञ मिखाएल फ्रेझे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये संगणकावर लेखन शिकणाऱ्यांवर असा प्रयोग केला. एका गटाला चुका टाळत, पायरीपायरीनं शिकवलं. दुसऱ्या गटाला चुका करू दिल्या आणि चूक झाली तर त्यातून शिकायला मिळतं असं सांगत राहिले. नंतर अवघड काम आल्यावर दुसरा गट सरस ठरला. पुढे २००८ मध्ये अशा २४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यातही ही पद्धत, विशेषतः न शिकवलेलं नवं काम समोर आल्यावर, जास्त उपयोगी दिसली. वर्गात तर रोज न शिकवलेलंच काहीतरी समोर येतं.

बिघडवायच्या तासाला पुढे कोण उभं राहतं यालाही महत्त्व आहे. तुमच्या तरुण सरांना त्या दिवशी मागे बसवा. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बँडुरा यांनी आत्मविश्वासाचे जे स्रोत सांगितले, त्यांत स्वतः केलेल्या यशस्वी कामानंतर येतं ते आपल्यासारख्या माणसाला ते करताना पाहणं. तंत्रस्नेही सरांनी झटपट करून दाखवलं की बाईंच्या मनात येतं, 'त्याला येणारच.' शेजारच्या शाळेतल्या बावन्न वर्षांच्या मॅडम चष्मा वर करून, अडखळत, एकदा चुकून करून दाखवतात तेव्हा मनात येतं, 'मग मलाही येईल.' केंद्रात अशा एक तरी मॅडम असतातच. त्यांना शिक्षण परिषदेच्या, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीच्या, दिवशी चहाला बोलवा.

मुलांची भीड कशी घालवायची? "बाई, मी करू?" हा आवाज बंद करू नका, त्याला पद द्या. फळा पुसायचा मॉनिटर असतो, खडू आणायचा असतो, तसा टीव्हीचा एक मॉनिटर नेमा, दर महिन्याला बदला, मुलगी-मुलगा आलटून पालटून. तास सुरू व्हायच्या आधी टीव्ही लावून, योग्य सोर्स निवडून ठेवणं हे त्याचं काम. मग बाईंना येत नाही म्हणून मूल उठलं असं राहत नाही, बाईंनी काम सांगितलं म्हणून उठलं असं होतं.

आणि एका वेळी एकच काम. महिनाभर बाईंकडून फक्त एवढंच अपेक्षित ठेवा की आठवड्यातून एकदा पेन ड्राइव्हवरची एक चित्रफीत लावायची. नेट नको, लॉगिन नको, 'दीक्षा' नको. पुस्तकातल्या क्यूआर कोडचा पाठ नेट असताना आधीच उतरवून ठेवता येतो, ते तरुण सर करतील. कुठल्या कवितेला काय लावायचं ते मात्र बाईच ठरवतील. दुसऱ्या महिन्यात दुसरं काम. सहा महिन्यांत सहा कामं झाली तर तुमची शाळा पुष्कळ पुढे गेली.

सुरुवात या शनिवारी करा. सकाळची शाळा सुटली की मुलांना जाऊ द्या, दार लावा. त्याआधी तीन वस्तू आणून ठेवा: रंगीत चिकटपट्टी, जाड कागद आणि एक पेन. टीव्हीच्या मागच्या यूएसबीच्या जागेला लाल पट्टी, पेन ड्राइव्हला लाल पट्टी. केबलच्या दोन्ही टोकांना निळी, तिच्या दोन्ही जागांना निळी. रिमोटवरच्या सोर्सच्या बटणाशेजारी एक बारीक पिवळी. मग कागदावर पाच ओळी लिहून टीव्हीशेजारी लावायच्या: काय दाबायचं, काय दिसेल, दिसलं नाही तर काय करायचं. त्या पाच ओळी तुम्ही लिहू नका, सरांनाही लिहू देऊ नका. मराठीच्या बाईंना सांगा, त्यांचं अक्षर चांगलं असेलच. लिहिता लिहिता त्यांना प्रत्येक पायरी स्वतः करून बघावी लागेल.